बाळंतविडा: सव्वा महिन्याच्या आत भेटायला जाताना काय न्यावं? (इंदूर)

तिळगूळ
नमस्कार मंडळी. सुदामा नगरात राहणाऱ्या मामेभावाच्या सुनेला मुलगी झाली. बाळ आज बारा दिवसांचं आहे, सिझेरियन झालंय. घरात सासूबाई आहेत आणि तिची आई पुण्याहून येऊन राहिली आहे. शनिवारी भेटायला जायचंय, बजेट दोन हजारांपर्यंत.
झबलं-टोपडं, चांदीचे वाळे आणि पाचशे एकचं पाकीट हा साचा ठरलेला आहे. त्यातलं निम्मं कपाटात पडून राहतं असं मला वाटतं. खरोखर वापरात येईल असं बाळासाठी काय न्यावं आणि बाळंतिणीसाठी काय? या पावसाळी हवेत डिंकाचे लाडू टिकतात का? आणि मुळीच नेऊ नये असं काय? कारणांसकट सांगाल तर बरं.

शिवणयंत्र
तिळगूळताई, कपडे घ्यायचे तर आधी महिने मोजा, मग माप. बाळ जूनच्या मध्यात जन्मलंय असं धरलं तर सप्टेंबरात तीन महिन्यांचं होईल, डिसेंबरात सहा महिन्यांचं, मार्चमध्ये नऊ महिन्यांचं. शून्य ते तीन हे माप सगळे आणतात आणि ते पहिल्या दोन महिन्यांतच तोकडं व्हायला लागतं. म्हणून सहा ते नऊ महिन्यांच्या मापाचे, पूर्ण बाह्यांचे, जाड सुती कपडे घ्या. ऐन थंडीत अंगात येतील. त्याच मापाचा बिनबाह्यांचा फ्रॉक घेतलात तर तो घालायचा महिना येईपर्यंत बाळ त्याच्याबाहेर वाढलेलं असेल.
लेबलवरच्या महिन्यांवर विसंबू नका, कंपनीगणिक फरक असतो. उंची सेंटिमीटरमध्ये दिलेली असेल तर ती बघा. ६८ सेंमी साधारण सहा महिन्यांच्या बाळाला, ७४ सेंमी नऊ महिन्यांच्या.
आणि दुकानात कपडा उलटा करून बघायला लाजू नका. आतल्या बाजूला भरतकामाची गाठ, जरीची कड, गळ्यामागचं कडक लेबल काही टोचत असेल तर तो कपडा फक्त फोटोपुरता उरतो. मोज्यांच्या आत सुटे दोरे असतील तर ते मोजे घेऊच नका. दोरा बाळाच्या पायाच्या बोटाला वेढा घालतो, बोट सुजतं, आणि मोजा घातलेला असल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

पोहे_जिरावण
शून्य ते तीनचं माप मात्र बाकीचे आणतील या भरवशावर कुणीच आणत नाही, असंही होतं. आजीला एक फोन करून विचारून घ्यावं.

शिवणयंत्र
बरोबर आहे. ते माप हवंच असेल तर विकत घेण्यापेक्षा शिवलेलं बरं. एक मीटर मलमलीत तीन झबली आरामात बसतात. उंची ३० सेंमी, छाती घेराने ४८-५० सेंमी ठेवा. कापड कापायच्या आधी दोनदा धुऊन वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं आणि गळा डोक्यातून जात नाही. दुकानातल्या कापडाची खळही त्यातच निघते. समोरून उघडं ठेवून बाजूला दोन नाड्या लावा, डोक्यातून घालायचं झबलं पहिल्या महिन्यात मान सावरत नसताना जिकिरीचं होतं. नाडी १५ सेंमीहून लांब नको आणि गळ्याशी तर नकोच. शिवण बाहेरच्या बाजूला येऊ द्या. दिसायला उलटी वाटेल, पण अंगाला काही लागत नाही.

खलबत्ता
डिंकाच्या लाडवांचं सांगते. पावसाळ्यात चालतात, फक्त थोडे करायचे. गूळ हवेतली ओल ओढून घेतो, लाडू बाहेरून चिकट होतात आणि आतलं खोबरं खवट होतं. तीस लाडवांपेक्षा जास्त करू नका, हवाबंद डब्यात घाला आणि फ्रीजमध्ये ठेवायला सांगा.
माझं प्रमाण: डिंक १०० ग्रॅम, खारकेची पूड २०० ग्रॅम, किसलेलं सुकं खोबरं २०० ग्रॅम, खसखस ५० ग्रॅम, चिरलेला गूळ ३०० ग्रॅम, तूप २०० ग्रॅम, दोन चमचे सुंठ, अर्धं जायफळ, वेलची. खोबरं आणि खसखस वेगवेगळी भाजायची, कारण खसखस लवकर करपते. खारकेची पूड तुपात मंद आचेवर परतायची.
बिघडतं ते डिंकाशी. खडे ज्वारीपेक्षा थोडे मोठे एवढेच ठेवा. ओलसर डिंक फुलत नाही. एरवी ऊन दाखवतात, सध्या ऊन नाही, तेव्हा तवा तापवून गॅस बंद करा आणि डिंक त्यावर दहा मिनिटं पसरून ठेवा. तूप मध्यम गरम असताना एका वेळी एकच चमचा डिंक टाका. तूप फार तापलं तर वरून लाल होतो आणि आत काचेसारखा कच्चा राहतो. तो दाताला चिकटतो, बाळंतिणीला चावत नाही. एक खडा काढून बोटांनी चुरडून बघा, पूर्ण भुगा झाला पाहिजे.
गुळाचा पाक करायचा नाही. चमचाभर तुपात गूळ विरघळला, एकदा फसफसला की उतरवा. तार येईपर्यंत ठेवलात तर दुसऱ्या दिवशी लाडू फोडायला बत्ता लागेल.

नर्मदाकाठ
खरेदीसाठी एक सूचना, विशेषतः पुण्या-मुंबईकडून इंदूरला आलेल्यांसाठी. मारोठिया बाजारात किंवा सियागंजात आपली नावं सगळ्यांना कळतात असं नाही. डिंक म्हणजे गोंद, खारीक म्हणजे छुहारा, अळीव म्हणजे हालिम किंवा असालिया, बाळंतशोप म्हणजे सोया किंवा सुवा, वावडिंग म्हणजे बायविडंग.
‘गोंद’ एवढंच म्हणालात तर दुकानदार कधी कधी गोंद कतीरा पुढे करतो. तो वेगळा. पांढुरका, चपट्या पापुद्र्यांसारखा असतो, पाण्यात भिजवला की फुगून लिबलिबीत होतो आणि तुपात अजिबात फुलत नाही. लाडवांसाठी ‘खाने का गोंद, तलने वाला’ असं स्पष्ट सांगा. पिवळसर, पारदर्शक, गोलसर खडे असले की तो आपला.

भूक_लागली
खलबत्ताकाकू, तीस लाडू झाले की त्यातले दोन इकडे विजयनगरला पाठवा. डबा मी परत आणून देईन.

खलबत्ता
दोन कशाला, चार घे. पण आधी बाळंतीण!

रात्रपाळी
लाडू करायच्या आधी एक प्रश्न विचारायलाच हवा: गरोदरपणात तिची साखर वाढली होती का? हल्ली हे बऱ्याच जणींना होतं. बाळंतपणानंतर साखर सहसा खाली येते, पण सहा ते बारा आठवड्यांत पुन्हा तपासणी करायची असते आणि तोवर रोज दोन-दोन लाडू हा काही उपाय नव्हे. तिला थेट विचारू नका, बिचारी संकोचाने ‘चालेल’ म्हणेल. तिच्या आईला विचारा. साखर असेल तर खोबरं, खसखस, बदाम, भाजलेला डिंक यांची बिनगुळाची पूड न्या, दुधात एक चमचा घालून घेता येते.
दुसरं, सिझेरियनच्या बाईला उपयोगी पडणाऱ्या वस्तू वेगळ्या असतात आणि त्या कुणी आणत नाही. टाके ओले असताना वाकणं, वळणं, खालचं उचलणं जड जातं. स्ट्रॉ असलेली लिटरभराची पाण्याची बाटली, जी एका हाताने उघडते. दूध पाजायला बसलं की घशाला कोरड पडते आणि तेव्हाच पाणी हाताच्या टप्प्यात नसतं. दोन मीटर लांबीची चार्जरची वायर. रात्री डोळ्यांवर न येणारा पिवळसर मंद दिवा. समोरून उघडणारा सुती गाऊन, साइझ नेहमीपेक्षा एक मोठा, रंग गडद, कारण दुधाचे डाग फिक्या रंगावर जात नाहीत. गाऊनच्या चेन दोन उभ्या आणि शिवणीत लपलेल्या असाव्यात. मधोमध एकच चेन असली तर सगळाच गळा उघडतो आणि खोलीत माणसं असली की ती तो घालतच नाही. कमरेला नाडी किंवा इलॅस्टिक असलेलं काहीही नको, ते बरोबर टाक्यांवर बसतं.
हे सगळं मिळून दोन हजारांत बसतं.

बडोद्याची_सून
आमच्या बडोद्याला मराठी घरांतही आता काटलूं शिरलंय. गुजराती बाळंतिणीला थंडीत देतात तो पाक: गूळ, तूप, गव्हाचं जाडसर पीठ, गोंद आणि काटल्याचा तयार मसाला. सुंठ, गंठोडा म्हणजे पिंपळमूळ, असे बरेच जिन्नस त्यात असतात. चव तिखट-उष्ण असते. डिंकाच्या लाडवांची सवय असलेल्या मुलीला एकदम आवडेल असं नाही, म्हणून न्यायचंच तर पावशेरच न्या. त्यापेक्षा भाजलेला सुवा, तीळ, ओवा आणि थोडं सैंधव घालून केलेला मुखवास सगळ्यांनाच चालतो. सुवा मंद आचेवर भाजा, एकदा करपला की कडू होतो.

ग्वाल्हेरचा_किल्ला
आमच्याकडे, ग्वाल्हेरला, हरीरा करून पाठवतात. तुपात ओवा, सुंठ, हळद, बारीक केलेले बदाम-छुहारे परतून गुळाचं पाणी ओततात आणि दाटसर उकळतात. तो ताजाच प्यायचा, म्हणून भेट म्हणून तयार हरीरा न नेता कोरडा मसाला बाटलीत भरून न्यावा, बाटलीवर प्रमाणाची चिठ्ठी चिकटवावी: दोन चमचे मसाला, एक चमचा तूप, एक कप पाणी, चवीपुरता गूळ, पाच मिनिटं उकळणे. आजी दमलेली असली तरी वडीलसुद्धा करून देऊ शकतात.

पाळणाघर
काय नेऊ नये, याचं उत्तर अजून कुणी दिलं नाही, ते मी लिहिते.
मध. वर्षाच्या आतल्या बाळाला बोटाला लावूनही नाही. मधात बोट्युलिनम जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांच्या पोटात ते रुजत नाहीत, बाळाच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. सोन्याच्या काडीने मध चाटवायची हौस असेल तर नुसती काडी दाखवावी.
दुधाची बाटली, निपल, पावडरचा डबा. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. १९९२ च्या कायद्याने या वस्तूंच्या जाहिरातीला आपल्याकडे बंदी आहे, ती उगाच नाही. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर घरचे आणतील.
टाल्कम पावडरचा गिफ्ट सेट. उडणारी पूड बाळाच्या श्वासात जाते. काजळही नको, अनेक काजळांत शिसं सापडतं.
उशी, मऊ लोड, पाळण्यात ठेवायची मोठी खेळणी. बाळाला पाठीवर, सपाट गादीवर, काहीही आजूबाजूला न ठेवता झोपवायचं असतं. तोंडावर काही आलं तर ते बाजूला सारायची ताकद त्याच्यात नसते.
वॉकर. चालायला लवकर शिकवत नाही, जिन्यावरून मात्र खाली नेतो. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली.
गोल, नाण्यासारखी बॅटरी असलेली वाजणारी खेळणी. झाकण स्क्रूने बंद नसेल तर घेऊ नका. ती बॅटरी गिळली तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. आणि बाळ आज गिळणार नसलं तरी खेळणं वर्षभर घरातच असतं.

आजीचा_बटवा
पाळणाघर, बरंचसं पटतं, सगळं नाही. राईची उशी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरतात, त्याने डोकं गोल राहतं. आणि बाळगुटीची सहाण, मुरडशेंग, हळकुंड, वेखंड, सुंठ, जायफळ, बदाम-खारीक यांची पेटी ही बाळंतविड्यातली सर्वांत मानाची वस्तू. तीही नेऊ नये म्हणायचं का?

पाळणाघर
आजी, मान ठेवूनच लिहिते. डोकं एका बाजूने चपटं होतं ते बाळ सतत एकाच कुशीला मान वळवून पडलं की. त्यावर उपाय उशीचा नाही. बाळ जागं असताना, आपण समोर बसलेलो असताना, दिवसातून चार-पाच वेळा दोन-दोन मिनिटं पोटावर ठेवायचं आणि पाळण्यात डोक्याची दिशा रोज बदलायची. राईच्या उशीची शिवण उसवली की दाणे नाकाशी, तोंडाशी येतात, तो धोका वेगळाच.
गुटीबद्दल अडचण प्रमाणाची आहे. सहाणेवर किती वेढे घासले यावर मात्रा ठरते आणि ती प्रत्येक हाताला वेगळी पडते. जायफळाचा एक वेढा आणि चार वेढे यांत बाळाला फार मोठा फरक असतो, जास्त झालं की बाळ गुंगून पडतं. शिवाय सहाण आणि पाणी स्वच्छ राहणं कठीण. सहा महिने फक्त दूध हा नियम गुटीलाही लागू आहे.

आजीचा_बटवा
मात्रेचं तुझं खरं आहे. जायफळाचा अर्धा वेढा म्हणजे काय हे आता शिकवायलाही घरात कुणी नसतं. उशीचंही ऐकते. पण तेलमालिशचं तरी सोडू नका. नेण्यासारखी वस्तू म्हणून सांगते, घाण्यावरचं खोबरेल, अर्धा लिटर, बिनवासाचं.

पाळणाघर
खोबरेल उत्तम, आजी. मोहरीचं तेल मात्र नको, इकडे माळव्यात बरेच जण देतात. नवजात बाळाच्या कातडीचा वरचा थर नाजूक असतो, मोहरीच्या तेलाने तो बिघडतो. आणि नाका-कानात तेल सोडू नये, एवढं सोबत सांगा.

शिवणयंत्र
आजींच्या बटव्यातून आठवलं, कुंची अजून कुणी शिवतं का? टोपी आणि पाठीवरची झूल एकत्र असलेली. बारशाला हौसेने घालतात. शिवायची असेल तर अस्तर मलमलीचं लावा, खणाचं कापड आत कडक लागतं. मोती, टिकल्या, घुंगरू टाळा, कारण बाळ कुंचीची कड तोंडात घालतं.
गोधडीही सुंदर भेट आहे. जुन्या सुती साड्यांचे तीन थर, ७५ बाय १०० सेंमी, धावदोऱ्याच्या ओळी बोटभर अंतरावर. साडीत नायलॉन मिसळलेलं असेल तर ओल शोषत नाही, बाळ ओल्यातच राहतं. कापडाचा एक दोरा जाळून बघा: वितळून गोळी झाली तर ती साडी बाजूला ठेवा, राख झाली तर सुती. गोधडी बाळाखाली घालायची, तोंडावर येईल अशी पांघरायची नाही.

इमली_बाजार
महेश्वरी साडीची गोधडी किंवा दुपटं करू नका बरं का. बहुतेक महेश्वरी सुती-रेशमी असतात आणि काठाला जर. तीच साडी बाळंतिणीला बारशाला द्या, ती जास्त खूश होईल.

दोन_दोरी_पाऊस
या मोसमातली खरी अडचण कुणी बोलत नाहीये. जुलै-ऑगस्टात इंदूरला लंगोट वाळत नाहीत. दिवसाला आठ-दहा तर लागतातच, दुपटी वेगळी. ओलसर लंगोट घातला की मांड्यांत पुरळ उठतं. म्हणून माझं मत: घडीचा कपडे वाळत घालायचा स्टँड. पंख्याखाली ठेवता येतो, पाऊस गेल्यावरही उपयोगाला येतो, हजार-बाराशेपासून मिळतो. मागवण्याआधी घरात तो ठेवायला जागा आहे का ते विचारा.
दुसरं, छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी. डासांचा मोसम आहे आणि दोन महिन्यांखालच्या बाळाच्या अंगाला डासांची क्रीमं लावत नाहीत, कॉइलचा धूर तर नकोच. मच्छरदाणी घेताना कमान दाबून बघा. कमकुवत कमान मधे बसते आणि जाळी बाळाच्या तोंडावर येते. जाळी गादीच्या चारी बाजूंनी किमान वीतभर बाहेर यायला हवी.
आणि डायपर नेणार असाल तर नवजात मापाचं पाकीट नको. पाकिटावर वजन छापलेलं असतं, त्यातलं मीडियम घ्या. काही महिन्यांनी लागतंच.

सराफ्यातला
चांदीवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. वाळे द्यायचेच तर तोंड उघडं असलेले, टोकं गोल घासलेली, आतून भरीव असे घ्या. पोकळ वाळा चेपला की कड धारदार होते. घुंगरू नकोत, कडी सैल झाली की घुंगरू बाळाच्या तोंडात.
पण माझा सल्ला वाटी-चमच्याचा. वाळे पाचव्या-सहाव्या महिन्यात बसेनासे होतात, तर वाटी सहाव्या महिन्यातच, उष्टावणाला, कामाला येते. शिक्का बघून घ्या: ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. बिलात वजन, शुद्धता आणि घडणावळ वेगवेगळी लिहून मागा. मोडायला गेलात तर घडणावळ परत मिळत नाही, म्हणून नक्षी जितकी कमी तितकं बरं. चांदीचे भाव बघता दोन हजारांत फार तर छोटा चमचा बसेल, मोठी वाटी चार-पाच नातेवाइकांनी मिळून घ्यावी.

पोहे_जिरावण
बाळाच्या बाबांसाठी कुणी काही सुचवलं नाही. सकाळी आठ वाजता गरम पोहे-जिलबी घेऊन दारात उभं राहिलात तर रात्रभर जागलेल्या माणसाला त्यापरता आनंद नाही. पोहे थंड झाले की रबरासारखे होतात, म्हणून जवळच्या दुकानातूनच घ्या. शेव आणि जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) वेगळ्या पुडीत. आईच्या वाट्याला जिरावण कमी, तिखट तिला कदाचित नको असेल.

दप्तरदार
बाबांसाठी दुसरी भेट: कागदपत्रांची. जन्माची नोंद २१ दिवसांत झाली की शुल्क लागत नाही. या बाळाचे बारा दिवस गेले, नऊ उरले. जन्म दवाखान्यात झाला असेल तर माहिती कळवणं ही दवाखान्याची जबाबदारी असते, पण आईवडिलांच्या नावांची अक्षरं तिथेच तपासून घ्यावीत. आधार कार्डावर एक आणि दाखल्यावर दुसरं असलं की पुढे शाळेपासून पासपोर्टापर्यंत त्रास. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला धरतात. बारसं झालेलं नसलं तरी नोंद करता येते, बाळाचं नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं.
मुलगी आहे म्हणून आणखी एक. पाकिटात ५०१ ठेवण्याऐवजी ‘सुकन्या समृद्धीसाठी’ असं लिहून द्या. मुलींसाठीची सरकारी बचत योजना आहे ती. खातं २५० रुपयांत उघडतं, मुलगी दहा वर्षांची होण्याआधी पालकांनी उघडायचं, वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात, भरणा १५ वर्षं आणि मुदत २१ वर्षं. दाखला हाती आल्याशिवाय उघडत नाही, म्हणून दाखल्याचं काम आधी.
लसीकरणाचं कार्ड, डिस्चार्ज पेपर, दाखला यांसाठी कप्पे असलेली प्लास्टिकची फाइलही नेता येईल. दीडशे रुपयांची वस्तू आहे, पहिली पाच वर्षं हातात राहते. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसींच्या तारखा कॅलेंडरात मोजून पहिल्या पानावर लिहून द्या.

खलबत्ता
जेवणाचा डबा राहिला. त्या घरात दोघी आज्या स्वयंपाकघरात उभ्या आहेत, त्यांना एक वेळ सुट्टी मिळणं ही सगळ्यांनाच भेट. पण शिजवलेला भात दोन तासांहून जास्त वेळ बाहेर ठेवू नका. त्यातले काही जिवाणू उकळूनही मरत नाहीत आणि पुन्हा गरम केल्याने त्यांचं विष जात नाही. लांबून येत असाल तर भात-खिचडीऐवजी कोरडं न्या.
उपम्याचा तयार रवा उत्तम. अर्धा किलो रवा कोरडा भाजून घ्या, वेगळ्या कढईत पाच चमचे तेलात मोहरी, हिंग, उडीद डाळ, कढीपत्ता टाका, कढीपत्ता कुरकुरीत होईपर्यंत थांबा, मग रवा मिसळा. कढीपत्त्यात ओल राहिली तर आठवड्यात बुरशी येते. एक वाटी रव्याला अडीच वाट्या उकळतं पाणी, मीठ, झाकण, तीन मिनिटं. पहाटे तीन वाजता भूक लागलेल्या बाळंतिणीला बाबासुद्धा करून देतील.
अळिवाचे लाडू नेणार असाल तर लक्षात ठेवा, ओल्या नारळाचे असतात, या हवेत बाहेर एक दिवस, फ्रीजमध्ये आठवडा. आणि डब्यावर चिकटपट्टी लावून लिहा: ‘डबा परत नको’. स्टीलचे डबे घासून, नावं लक्षात ठेवून परत करणं हे बाळंतिणीच्या घरी फार मोठं काम होतं.

रात्रपाळी
@खलबत्ता, डब्याची पट्टी फारच पटली.
जाण्याबद्दलही थोडं. वेळ आधी विचारा, सकाळी बाळाची आंघोळ-मालिश चालू असते. वीस-पंचवीस मिनिटं पुरेत. हात कोपरापर्यंत साबणाने धुवा, अत्तर लावू नका, सर्दी असेल तर त्या दिवशी जाऊच नका, बाळाचा पापा घेऊ नका. ती पाजायला लागली की आपणहून बाहेरच्या खोलीत जा. ‘दूध पुरतंय का?’ आणि ‘बाळ बारीकच आहे’ ही दोन वाक्यं घरीच ठेवून या. त्या एका शंकेने मुली रात्रभर रडतात, आणि पोट भरतंय की नाही हे दिवसाला सहा-सात वेळा शी-शूचे कपडे ओले होतात यावरून कळतं, पाहुण्यांच्या नजरेवरून नाही.

बडोद्याची_सून
घरात मोठं भावंड असेल तर त्याच्यासाठी वेगळी वस्तू न्यावी, आणि आधी त्याच्या हातात द्यावी. या घरात पहिलंच बाळ आहे, तरी धागा वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिलं.

तिळगूळ
मंडळी, मनापासून आभार. आज तिच्या आईशी बोलले. साखर वाढलेली नव्हती. लाडवांचे दोन डबे आधीच आलेत, म्हणून लाडू नको. कपडे वाळत नाहीत ही तक्रार त्यांनी आपणहूनच केली, स्टँड ठेवायला जागाही आहे. तेव्हा स्टँड, स्ट्रॉची बाटली, कप्प्यांची फाइल आणि उपम्याचा रवा असं ठरवलंय. शनिवारी अकराची वेळ त्यांनीच दिली. ‘सुकन्यासाठी’ लिहून २५१ चं पाकीटही ठेवते.
एकच राहिलं. एक मीटर मलमल घरात आहे, दोनदा धुऊन वाळवली. बाळ तेव्हा सोळा दिवसांचं असेल. तीन झबली त्याच मापाची शिवू, की थोडी मोठी?

शिवणयंत्र
एक ३० सेंमी उंचीचं शिवा, दोन ३४ सेंमीची आणि त्या दोघांची छाती घेराने ५४ ठेवा. पहिलं लगेच लागेल, बाकीची ऑगस्टात. नाड्या शिवताना टोकाला गाठ मारू नका, दुमडून दोनदा शिलाई मारा, गाठ बाळाच्या कुशीखाली रुतते.